लिनक्सवरून ‘फक्त विंडोज’वाली पोर्टलं कशी चालवायची

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतो, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. इंदुरात सुदामानगर, लोकमान्यनगरच्या घरगुती ऑफिसांतले सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट संगणक या अटीत बसत नाहीत. त्यांवर लिनक्स मिंट टाकला की यंत्र पुन्हा पळायला लागतं. टॅलीचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे घेत नाही. पण कामाची साइट उघडली की पाटी दिसते: ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही.’

ही पाटी एकच दिसली तरी तिच्यामागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. डिजिटल सहीच्या डोंगलचा (यूएसबीला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर नसताना ब्राउझरचं नाव बदलत बसलं तर संध्याकाळ जाते आणि हाती काही लागत नाही. म्हणून पहिली पायरी निदानाची. ती टाळू नका.

खालची माहिती लिनक्स मिंट आणि उबंटूसाठी आहे. पॅकेजांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, सिनॅप्टिकमध्ये (पॅकेज शोधून बसवायच्या प्रोग्रॅममध्ये) शोधताना ती इंग्रजी अक्षरांत टाका.

आधी जवळ काय घ्यायचं

- संगणकाच्या ॲडमिनचा पासवर्ड
- डीएससीचं (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं) डोंगल, त्याचा पिन, आणि डोंगलवर छापलेलं मॉडेलचं नाव
- पोर्टलचा यूझर आयडी, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल
- पोर्टलच्या ‘सिस्टिम रिक्वायरमेंट’ पानाची प्रत
- शेवटच्या उपायापर्यंत जायचं असेल तर विंडोजचा रीतसर परवाना, किमान ८ जीबी रॅम (१६ असेल तर उत्तम) आणि ८० जीबी मोकळी जागा

१. नेमकं अडतंय कुठे ते बघा

चार खुणा आहेत.

पान उघडताक्षणीच पाटी आली, लॉगिनचा चौकोनही दिसला नाही, तर साइट फक्त तुमच्या ब्राउझरचं नाव वाचते आहे. हा सर्वांत सोपा प्रकार. पायरी २ आणि ३.

लॉगिन होतं, फॉर्म भरला जातो, पण सही करायच्या वेळी ‘साइनर सुरू नाही’ असं येतं, तर अडचण डोंगलची किंवा सहीच्या प्रोग्रॅमची आहे. ब्राउझर निर्दोष आहे. पायरी ४.

पान उघडतं पण मधली चौकट कोरी राहते, किंवा ‘प्लगइन हवं’ असं म्हणते, तर साइट ॲक्टिव्हएक्स, सिल्व्हरलाइट किंवा जावा ॲपलेटच्या जमान्यातली आहे. क्रोमने जुन्या पद्धतीची प्लगइन २०१५मध्ये काढली, फायरफॉक्सने २०१७मध्ये. ती आता कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. थेट पायरी ६.

पासवर्ड बरोबर, ओटीपी बरोबर, आणि तरी कंपनीचं पान ‘हे यंत्र संस्थेच्या देखरेखीखाली नाही’ म्हणतं, तर ती अडचण नसून धोरण आहे. पायरी ७.

खूण स्पष्ट नसेल तर एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. लाल ओळींत १२७.०.०.१ किंवा लोकलहोस्ट दिसला, तर साइट तुमच्याच संगणकावरचा सहीचा प्रोग्रॅम शोधते आहे आणि तिला तो सापडत नाही.

२. एज आणि क्रोम दोन्ही बसवा

मिंटबरोबर फायरफॉक्स येतो. तो राहू द्या, डोंगलसाठी तोच सोयीचा. पण पुष्कळ साइट ‘क्रोम किंवा एज’ एवढंच तपासतात, लिनक्स आहे की विंडोज हे बघतही नाहीत. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२१पासून एज लिनक्ससाठी रीतसर दिला आहे. त्यांच्या साइटवरून डेब फाइल (मिंट-उबंटूवर बसवायचं पॅकेज) उतरवा, दोनदा क्लिक करा, पासवर्ड द्या, झालं. क्रोमचंही तसंच. ‘एज चालेल’ असं लिहिलेली पोर्टलं बहुधा इथेच सुटतात.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे. एजमधला ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ फक्त विंडोजवर मिळतो. लिनक्सच्या एजमध्ये तो नाही, सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

उबंटू वापरत असाल तर फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात आलेला असतो. स्नॅप म्हणजे कुंपणातला प्रोग्रॅम, त्याला बाहेरचा डोंगलचा ड्रायव्हर उघडता येत नाही. मोझिलाची स्वतःची डेब आवृत्ती जानेवारी २०२४पासून, म्हणजे फायरफॉक्स १२२पासून मिळते, ती बसवा. फ्लॅटपॅकच्या ब्राउझरांनाही हेच लागू. मिंटचा फायरफॉक्स मुळातच डेब आहे.

३. ब्राउझरची ओळख बदला, पण त्या एका साइटपुरती

ब्राउझर प्रत्येक साइटला ‘यूझर एजंट’ नावाची एक ओळ पाठवतो. तीत ‘विंडोज एनटी १०.०’ ऐवजी ‘एक्स११, लिनक्स’ असतं. विंडोज ११सुद्धा या ओळीत १०.० असंच सांगतो, त्यामुळे ११ लिहायला जाऊ नका.

आधी करून पाहायचं असेल तर क्रोममध्ये किंवा एजमध्ये एफ१२ दाबा, उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘मोअर टूल्स’, मग ‘नेटवर्क कंडिशन्स’. तिथे ‘यूझ ब्राउझर डिफॉल्ट’वरची खूण काढा, यादीतून विंडोजवरचा क्रोम किंवा एज निवडा आणि खिडकी न मिटता पान पुन्हा लोड करा. खिडकी मिटली की बदलही गेला. पान उघडलं तर निदान पक्कं झालं.

कायमसाठी ‘यूझर एजंट स्विचर’ प्रकारचं एक्स्टेन्शन घ्या आणि त्यात फक्त त्या साइटचं नाव टाका. याहून बरं म्हणजे ब्राउझरमध्ये ‘ऑफिस’ नावाचं वेगळं प्रोफाइल करायचं, एक्स्टेन्शन तिथेच ठेवायचं आणि घरची बँक-जीमेल दुसऱ्या प्रोफाइलमध्ये. ओळख सरसकट बदलली की निराळेच घोटाळे होतात: डाउनलोडची पानं डेबऐवजी ईएक्सई फाइल देतात, ‘तुम्ही माणूस आहात का’ची तपासणी संपतच नाही, बँक नवं यंत्र समजून पुन्हा पुन्हा ओटीपी मागते.

आणखी दोन सापळे. यादीतून निवडलेली ओळ जुन्या क्रोमची असते, मग साइट ‘ब्राउझर अपडेट करा’ म्हणते. ओळीतला आवृत्तीचा आकडा तुमच्या खऱ्या ब्राउझरचाच ठेवा. दुसरं, क्रोम आणि एज ‘क्लायंट हिंट’ नावाच्या वेगळ्या खुणेतूनही प्लॅटफॉर्म सांगतात, आणि जावास्क्रिप्टला ‘नेव्हिगेटर प्लॅटफॉर्म’मधून तो वाचता येतो. एक्स्टेन्शन फक्त ओळ बदलत असेल तर हुशार साइट पकडते. नेटवर्क कंडिशन्समध्ये क्लायंट हिंटचे रकाने वेगळे आहेत, तेही भरा. फायरफॉक्स क्लायंट हिंट पाठवतच नाही, त्यामुळे पुष्कळदा तिथे काम लवकर होतं.

४. डोंगल आणि सही

खरा घाम इथे निघतो. कर सल्लागार, ठेकेदार, कंपनी सेक्रेटरी, सगळ्यांचं घोडं इथेच अडतं.

पहिल्यांदा विचारा: डोंगलची गरजच आहे का? जीएसटीत कंपनी आणि एलएलपीला डीएससी सक्तीची आहे. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवरची ईव्हीसी (इलेक्ट्रॉनिक पडताळणी) चालते. आयकराच्या साध्या विवरणाला आधार ओटीपीने पडताळणी होते. तेवढंच काम असेल तर ही पायरी सोडा आणि चहा घ्या.

गरज असेल तर क्रम असा.

क) सिनॅप्टिकमधून पीसीएससीडी, लिबसीसीआयडी, पीसीएससी-टूल्स आणि लिबएनएसएस३-टूल्स बसवा. डोंगल लावा आणि टर्मिनलमध्ये पीसीएससी-स्कॅन चालवा (मधे डॅश नसून अंडरस्कोर). रीडरचं नाव दिसलं तर लिनक्सला डोंगल दिसतंय. नाही दिसलं तर पुढे जाऊ नका. यूएसबी हब काढून डोंगल थेट संगणकाला लावा, मागच्या पोर्टला लावून बघा.

ख) आता डोंगलचा स्वतःचा ड्रायव्हर. ईपास२००३, प्रॉक्सकी, एमटोकन ही आपल्याकडे जास्त चालणारी नावं. डोंगलच्या आतल्या सीडीसारख्या भागात बहुधा विंडोजचाच प्रोग्रॅम असतो. लिनक्सचा ड्रायव्हर ज्या प्राधिकरणाकडून डीएससी घेतली त्याच्या डाउनलोड पानावर बघा. ६४ बिटचाच घ्या. ‘ओपनएससी ईपास२००३ला चालतं’ असं वाचायला मिळेल (ओपनएससी म्हणजे अशा डोंगलांसाठीचं सर्वसाधारण मोफत सॉफ्टवेअर), आणि ते खोटं नाही, पण विक्रेत्याच्या प्रोग्रॅमने तयार केलेलं डोंगल ओपनएससीला बहुधा वाचता येत नाही. विक्रेत्याचाच ड्रायव्हर लागतो. त्याच नादात डोंगल ‘इनिशियलाइज’ करू नका. आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं आणि नवी डीएससी विकत घ्यावी लागते.

ग) ड्रायव्हर बसवल्यावर एक लायब्ररी फाइल मिळते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एसओ’ असतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी डिव्हायसेस, लोड, आणि त्या फाइलचा पत्ता द्या. मग ‘व्ह्यू सर्टिफिकेट्स’मध्ये ‘युवर सर्टिफिकेट्स’ उघडा. पिन विचारला आणि तुमचं नाव दिसलं, की ब्राउझरची बाजू झाली. क्रोम आणि एज होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘पीकेआय’ फोल्डरातली एनएसएसची नोंद वाचतात. तिथे हीच लायब्ररी ‘मॉडयूटिल’ने (वरच्या लिबएनएसएस३-टूल्समधल्या साधनाने) जोडा, आणि जोडताना ब्राउझर पूर्ण बंद असू द्या.

घ) पिन ठरावीक वेळा चुकला की डोंगल कुलूपबंद होतं. दोनदा चुकला तर थांबा आणि डीएससीबरोबर आलेला कागद शोधा. अंदाजाने तिसरा पिन टाकू नका.

एवढं करूनही पोर्टलवर सही होत नाही, कारण बहुतेक पोर्टलं ब्राउझरमधून सही करतच नाहीत. ती तुमच्या संगणकावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशी बोलतात. जीएसटीचा एमसाइनर १५८५ या पोर्टवर (हे यूएसबीचं पोर्ट नव्हे, नेटवर्कचा क्रमांक) बसतो, इतरांचे पोर्ट वेगळे. पोर्टलच्या डाउनलोड पानावर लिनक्सची आवृत्ती आहे का बघा. नसेल तर वेळ न घालवता पायरी ६वर जा. असेल तर हे तपासा:

- प्रोग्रॅम जुन्या जावासाठी लिहिलेला असला तर नव्या जावावर चालूच होत नाही. ओपनजेडीके ८ वेगळं बसवा आणि प्रोग्रॅम त्यानेच सुरू करा.
- उतरलेली फाइल ‘जेएनएलपी’ असेल तर जावा ११पासून ती उघडणारं साधन काढून टाकलेलं आहे. आइस्डटी-वेब बसवा.
- सहीचा प्रोग्रॅम दर वेळी हाताने सुरू करावा लागतो, आणि तो ब्राउझरच्या आधी.
- प्रोग्रॅमचं स्वतःचं प्रमाणपत्र ब्राउझरला अनोळखी असतं. एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१ आणि पोर्टचा आकडा पत्त्याच्या पट्टीत टाका, इशारा आला की ‘पुढे जा’ म्हणा. हे फक्त १२७.०.०.१साठी. बाहेरच्या कोणत्याही साइटचा असा इशारा ओलांडू नका.
- नवा क्रोम ‘या साइटला तुमच्या स्थानिक नेटवर्कशी बोलू द्यायचं का’ असं विचारतो. घाईत ‘ब्लॉक’ दाबलं तर सही कधीच होणार नाही. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेतून परवानगी परत द्या.
- दोन पोर्टलांचे दोन सहीचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालू ठेवू नका. डोंगल एकाच्याच हाती राहतं.

५. पीडीएफ फॉर्म

काही सरकारी फॉर्म एक्सएफए (ॲडोबीच्या खास) प्रकारचे असतात आणि साध्या पीडीएफ रीडरमध्ये ‘कृपया थांबा’ एवढंच दाखवतात. फायरफॉक्स ९३पासून ते उघडतात आणि भरताही येतात, पण त्यांवर डीएससी लावता येत नाही. लिनक्ससाठी ॲडोबी रीडरची शेवटची आवृत्ती ९.५.५, २०१३ची. ती सापडली तरी बसवू नका, सुरक्षेची भोकं बुजवणं तेव्हापासून बंद आहे.

टेंडरच्या साध्या पीडीएफवर सही हवी असेल तर ऑक्युलर हा पीडीएफ रीडर चांगला. फायरफॉक्समध्ये जोडलेलं डोंगल तो वापरू शकतो, सेटिंगमधल्या पीडीएफच्या पानावर प्रमाणपत्रांच्या जागेसाठी फायरफॉक्सचं प्रोफाइल निवडा. एक्सएफएवर सही करायची असेल तर विंडोजला पर्याय नाही.

६. शेवटचा उपाय: मागच्या खोलीत एक विंडोज

वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनावर) इंटरनेट एक्स्प्लोरर चालवण्याच्या कृती जुन्या लेखांत मिळतात. सोडून द्या. डोंगल आणि ॲक्टिव्हएक्स दोन्ही एकदम लागले की तो मार्ग भरवशाचा नाही.

दोन रस्ते उरतात. संगणक दणकट असेल तर आभासी यंत्र, म्हणजे लिनक्सच्या आत प्रोग्रॅम म्हणून चालणारा दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्स ७मध्ये आभासी टीपीएम २.० आहे. विंडोज ११ला ४ जीबी रॅम, दोन कोअर आणि ६४ जीबी डिस्क द्या. डोंगल आत न्यायचं असेल तर स्वतःचं खातं ‘व्हीबॉक्सयूजर्स’ गटात घाला, लॉगआउट करून परत या, आणि यंत्राच्या यूएसबी सेटिंगमध्ये डोंगलचा फिल्टर जोडा. तरीही आत दिसलं नाही, तर लिनक्सच्या पीसीएससीडीने ते धरून ठेवलेलं असतं. त्याची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही थांबवा. नुसती सर्व्हिस थांबवली तर सॉकेट ती पुन्हा उठवतो. सगळं चालू लागलं की लगेच स्नॅपशॉट घ्या.

जुना संगणक मुळात विंडोज ११ पेलत नाही म्हणून लिनक्सवर आला असेल, तर त्याच्यातच आभासी विंडोज कोंबणं मला पटत नाही. ऑफिसात विंडोज ११ प्रोचं एक यंत्र ठेवा आणि बाकीच्यांनी रेमिनाने (लिनक्सच्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅमने) त्यावर पाळीपाळीने लॉगिन करावं. होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉप स्वीकारत नाही. सिल्व्हर मॉलमधून वापरलेलं यंत्र घेणार असाल तर तिथेच आवृत्ती आणि परवाना चालू आहे का ते उघडून बघा.

यातला सापळा कोणी सांगत नाही: डोंगल त्या विंडोज यंत्राला लावून तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आत गेलात तर ते दिसतच नाही. रिमोट सत्रात विंडोज तिथल्या रीडरऐवजी तुमच्या बाजूचा रीडर शोधतो. डोंगल आपल्या लिनक्सला लावा, पीसीएससीडी चालू ठेवा आणि रेमिनाच्या प्रोफाइलमध्ये ‘स्मार्ट कार्ड शेअर’वर खूण करा. डोंगलचा ड्रायव्हर त्या विंडोजवर असायला हवाच.

विंडोजच्या एजमध्ये एक्स्प्लोरर मोड सुरू करायला सेटिंग्ज, डिफॉल्ट ब्राउझर, ‘अलाउ’, मग ब्राउझर पुन्हा सुरू. साइटचा पत्ता खालच्या यादीत टाका. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते. महिन्याभराने ‘काल चालत होतं, आज नाही’ अशी तक्रार आली तर आधी ही यादी बघा. हा मोड किमान २०२९पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

एमपी ऑनलाइनचा कियॉस्क चालवणाऱ्यांना बोटाचा ठसा घेणारं यंत्रही लागतं. त्याच्या आरडी सर्व्हिससाठी (ठसा पोर्टलपर्यंत पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) लिनक्सशी झुंजू नका, विंडोज किंवा अँड्रॉइड वापरा.

७. कंपनीचं कुलूप असेल तर

सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी. साइट यंत्राची नोंदणी तपासत असेल तर यूझर एजंट बदलून ती फसत नाही, आणि फसवायचा प्रयत्नही करू नये. तो नोकरीच्या अटींचा भंग ठरू शकतो.

आयटी विभागाला मेल लिहा. त्यात लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती, पाटीचा फोटो, वेळ आणि कोणतं काम अडलं एवढंच असू द्या. ‘लिनक्स चालत नाही’ अशा मेलला उत्तर येत नाही. मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून (कंपनीच्या यंत्रांची नोंदणी आणि देखरेख करणारं) उबंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्त्यांवर चालतं आणि त्याला एज लागतो. मिंट त्या यादीत नाही, त्यामुळे कंपनी तयार झाली तर उबंटू टाकायची तयारी ठेवा.

व्हीपीएन हा त्या मानाने किरकोळ प्रश्न. ओपनकनेक्ट सिस्कोचं एनीकनेक्ट, ग्लोबलप्रोटेक्ट आणि फोर्टिनेट यांच्याशी बोलतो, त्याचं नेटवर्क मॅनेजरचं पॅकेज घेतलं की खालच्या पट्टीतूनच जोडता येतं. टीम्सचं लिनक्ससाठीचं ॲप २०२२च्या अखेरीस बंद झालं. एजमध्ये टीम्स उघडून मेनूतून ‘ॲप म्हणून बसवा’ निवडा.

८. पान उघडलं, पण अक्षरं अगम्य

मध्य प्रदेशातले जुने आदेश आणि फॉर्म कृतिदेव ०१० फॉन्टात असतात. तो फॉन्ट नसला की हिंदीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘लोकल’, त्यातल्या ‘शेअर’, त्यातल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात ठेवा (कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेलं दिसतं), ब्राउझर बंद करून उघडा. त्यातून कॉपी केलेला मजकूर मात्र खिचडीच राहणार, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं कधी करायचं

जीएसटीच्या विवरणांत जीएसटीआर-१ची तारीख ११, ३बीची २०, आणि ३बी तिमाही भरणाऱ्यांना मध्य प्रदेशात २२. संगणक बदलायचा तो २३ तारखेनंतर. पुढच्या ११ तारखेच्या आत डोंगलने एकदा तरी खरी सही करून बघा, आणि तोवर जुनी विंडोजची डिस्क पुसू नका. काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा.